नाडी लागते, तरीही

चाकणच्या कारखानदारीत बोटं गेली म्हटलं, की आधी प्रेस मशीन डोळ्यांसमोर येतं. हिवतापानेही बोटं जातात. क्वचितच, पण जातात. फाल्सिपॅरम मलेरिया विकोपाला गेला की एखाद्या रुग्णाच्या दोन्ही हातापायांची बोटं सारखीच गार पडतात, निळसर होतात, मग काळी. अशा वेळीही मनगटावर नाडी लागते. धमनी वाहती आहे आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर बोट मरतं आहे, ही गोष्ट मनातून जात नाही.

रोममध्ये मार्कियाफावा आणि बिन्यामी या वैद्यांनी 1890 च्या दशकातच पाहिलं होतं, की हिवतापाने दगावलेल्यांच्या मेंदूतल्या केशवाहिन्या परजीवींनी भरलेल्या तांबड्या पेशींनी तुंबलेल्या असतात. पेशीच्या आत वाढणारा हा परजीवी तिच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे उभे करतो आणि त्यांच्या आधाराने ती पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटते. वाहत राहिली, तर प्लीहा तिला गाळून नष्ट करील. नाशिक महामार्ग मोकळा असावा आणि आतल्या बोळांत टेम्पो आडवे उभे राहावेत, तसं हे. मेंदूत घडलं तर शुद्ध हरपते. बोटांच्या टोकांशी घडलं, त्यात रक्तदाब उतरला आणि वाहिन्यांत बारीक गुठळ्या धरल्या, तर गँगरीन. काचपट्टीवर मात्र बहुधा कोवळेच परजीवी दिसतात. पोक्त झालेले आत दडून असतात, म्हणून अहवालातला आकडा लहान असला तरी निर्धास्त होता येत नाही.

उपचारातही हीच पंचाईत. रक्तदाब पडला की सलाइन भरभर सोडावं, असं कुणालाही वाटेल. पण केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या तीन हजारांहून अधिक तापकरी, अत्यवस्थ मुलांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष 2011 मध्ये आला: वेगाने सलाइन दिलेल्या मुलांत मृत्यू जास्त होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता. मोठ्या माणसांत जादा पाणी फुप्फुसांत उतरतं. तुंबलेल्या वाटा पाण्याने सुटत नाहीत. परजीवी मारावा लागतो, आणि लवकर. भारतासह चार आशियाई देशांतल्या 2005 च्या चाचणीत क्विनाइनऐवजी आर्टेसुनेटची इंजेक्शनं दिल्यावर मृत्यूचं प्रमाण 22 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आलं. मला हा आकडा मोठा वाटतो. शंभरांमागे सात माणसं घरी गेली.

पिंपरी-चिंचवड काही हिवतापाचं माहेर नव्हे. राज्यातल्या रुग्णांचा मोठा वाटा गडचिरोलीचा. पण इथल्या लाइनवर उभी असलेली मुलं गडचिरोलीची आहेत, झारखंड, ओडिशा, छत्तीसगडचीही आहेत. दिवाळी-छठ करून ती परततात. डास चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणजे ताप चढतो तो म्हाळुंग्याच्या नाहीतर कुरुळीच्या खोलीत. खाडा पडू नये म्हणून मेडिकलमधून गोळी घेऊन पोरगा शिफ्टला जातो. ज्या दोन दिवसांत औषधाने काम सोपं झालं असतं, ते दोन दिवस असे जातात.

सुपरवायझर, मुकादम, खोलीमालक, कोपऱ्यावरचे डॉक्टर, सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. अंगात ताप असलेल्या माणसाला विचारा, ‘गावाहून कधी आलास?’ महिन्याच्या आत आला असेल, तर त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. आणि त्या दिवसाची हजेरी कापू नका.