सूक्ष्मजीवांचा परिसर: सापडलेला आणि घडवलेला

मातीच्या आरोग्याविषयीची सध्याची चर्चा आकड्यांभोवती घुटमळते. एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, अमुक द्रावणात त्याहून अधिक असतात, म्हणून ते शेतात ओतले की जमीन सजीव होईल, असा हिशेब मांडला जातो. जणू माती हे भरायचे राहून गेलेले एक भांडे आहे. सुपीकता केवळ नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या मात्रेत मोजणारी दृष्टी अपुरी आहे, हे पुरेसे सिद्ध झाले आहे. मातीला माता मानणारी श्रद्धा आदरणीय असली तरी ती स्पष्टीकरण नव्हे.

खरा प्रतिवाद व्हायला हवा तो डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या सूत्राचा. सूक्ष्मजीव सर्वत्र असतात आणि कोणते तगायचे हे परिसर ठरवतो, असा त्याचा आशय आहे. या सूत्राला आधार नाही असे नव्हे. फियरर आणि जॅक्सन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, निरनिराळ्या प्रदेशांतील मातींत जिवाणूंची विविधता सर्वाधिक जुळते ती सामूशी, म्हणजे मातीच्या आम्ल-विम्ल निर्देशांकाशी. परंतु सामू मोजला जातो तो चाळून, कालवून एकजीव केलेल्या नमुन्याचा. तो सरासरी असतो, आणि सुमारे एक मायक्रोमीटर लांबीचा जिवाणू सरासरीत राहत नाही. तो राहतो कणसमूहात, म्हणजे चिकणमाती, गाळ आणि वाळू यांचे कण सूक्ष्मजीवांच्या चिकट बहुशर्करांनी व बुरशीच्या तंतूंनी बांधले जाऊन झालेल्या बारीक गोळ्यात.

सूत्राची उणीव येथेच उघडी पडते. सेक्स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड अशा गोळ्यांत खुपसून ऑक्सिजन मोजला, तेव्हा काही मिलिमीटरांच्या अंतरात तो पृष्ठभागाकडून गाभ्याकडे घटत जाऊन काही गोळ्यांत पूर्ण संपलेला आढळला. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंदगतीने पसरतो. त्यामुळे छिद्रे पाण्याने भरलेली असताना बाहेरच्या थरातील जिवाणू तो श्वसनात वापरून टाकतात आणि आत प्राणवायूविरहित जागा तयार होते, जिथे नायट्रेटचे वायूत रूपांतर करणारे जिवाणू काम करू लागतात. पार्किन यांनी १९८७ मध्ये मातीच्या एका नमुन्यातील या रूपांतराचा उगम शोधला, तेव्हा त्यातील बहुतांश एका तणाच्या पानाच्या कुजक्या तुकड्यापाशी घडत असल्याचे दिसले. या ठिकाणी परिसराने निवड केली असे म्हणणे चूक नसले, तरी तो परिसर कोणी तयार केला, हा प्रश्न सूत्र विचारतच नाही. ते परिसराला आधीपासून सिद्ध असलेली चाळणी समजते. वास्तविक ती चाळणी बऱ्याच अंशी सूक्ष्मजीवांच्याच श्वसनातून आणि स्रावांतून विणली जाते.

म्हणून सापडलेला परिसर आणि घडवलेला परिसर हा भेद मूलभूत मानला पाहिजे. पाऊस, खडक आणि सामू सापडतात. गाभ्यातील ऑक्सिजनची उतरंड आणि कणांचे बंध घडवावे लागतात, आणि ते मोडताही येतात. तूर-हरभऱ्यासाठी रायझोबियमचे जिवाणूखत उपयोगी ठरू शकते, त्यामागेही हेच कारण आहे. या जिवाणूमुळे मुळावर तयार झालेली जिवंत गाठ कापली असता आत जो गुलाबी रंग दिसतो, तो लेगहिमोग्लोबिनचा असतो. हे प्रथिन मुक्त ऑक्सिजन अत्यल्प ठेवते, कारण त्याच्या संपर्काने नत्र स्थिर करणारे विकर निकामी होते. या जिवाणूला वनस्पतीच्या सहभागाने घर बांधून मिळते. बाटलीतून ओतलेल्या इतर बहुसंख्य जिवाणूंना तसे घर मिळत नाही, आणि आधीपासून वसलेल्या जीवांच्या स्पर्धेत त्यांची संख्या सहसा लवकर घसरते.

वारंवारच्या खोल नांगरटीने कणसमूह फुटतात आणि त्यांत सुरक्षित राहिलेला सेंद्रिय कर्ब विघटनाला उघडा पडतो. अशा जमिनीत जिवाणूंची भर घालत राहणे हा उपाय ठरत नाही. काडीकचरा शेतातच कुजू देणे, जमिनीत जिवंत मुळे अधिक काळ राखणे आणि मशागत कमी करणे यांतूनच सूक्ष्मजीवांना स्वतःचा परिसर घडवता येतो. मृदा-आरोग्याच्या कोणत्याही धोरणाची पारख यापुढे याच निकषावर व्हायला हवी.