बचत कोणाच्या वाट्यातून?

नवे वर्ष जवळ आले, की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून एक सल्ला हमखास वाचावयास मिळतो : येत्या वर्षाचे बचतीचे उद्दिष्ट आजच ठरवा. सोबत एक सूत्रही दिलेले असते. उत्पन्नाचे शंभर भाग करावेत. पन्नास गरजांसाठी, तीस हौसेसाठी आणि वीस शिलकीसाठी. हे सूत्र अमेरिकेतून आले असून दरमहा पगार घेणाऱ्या माणसाच्या मापाने ते बेतलेले आहे. त्यात वावगे काही नाही. पण वाशिम जिल्ह्यातील आसेगावच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून ते वाचले, तर पहिला प्रश्न हा पडतो, की वर्ष कोणते आणि महिना कोणता?

कारण येथे पैसा महिन्याने येत नाही, पिकाने येतो. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते, तूर संक्रांतीच्या आगेमागे, आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याचा हरभरा शिमग्यापर्यंत. सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते, शाळेचे जूनअखेरीस. बँकेचे वर्ष ३१ मार्चला संपते. जानेवारी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असतो, हिशेबात नसतो.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. पाच एकर जमीन आणि एकरी सहा क्विंटल सोयाबीन धरले, तर तीस क्विंटल माल होतो. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या दराने १,५९,८४० रुपये हाती यावेत. पण मालात ओल निघाली, खरेदी केंद्रावर वेळेत नंबर लागला नाही आणि तो व्यापाऱ्याला ४,२०० रुपयांनी द्यावा लागला, तर १,२६,००० रुपये येतात. बियाणे, खत, फवारणी, सोंगणी आणि मळणी मिळून एकरी वीस हजार खर्च धरला, तर लाख रुपये तेथेच गेले. उरले सव्वीस हजार. महिन्याला २,१६६ रुपये. तुरीची आणि मजुरीची भर पडते हे खरे. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी : केवळ भावातील फरकाने गेलेले ३३,८४० रुपये हे वर्षाअखेर उरलेल्या रकमेपेक्षा मोठे आहेत. ह्या घराला काटकसर शिकवावयास जाणाऱ्याने आधी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशिम होता. तेथील माणसे उधळी होती म्हणून ती वेळ आली, असे कोणी म्हणू नये.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रकात मजुराच्या वेतनाविषयी लिहिताना हा मुद्दा मांडला होता. कुटुंबाचे पोट भरून थोडेसे मागे टाकता यावे, एवढे वेतन त्याला मिळाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे काटकसर हा गरिबाचा सद्गुण असेल, तर ती शक्य होईल एवढी मिळकत त्याला देणे हा इतरांवरचा न्यायाचा भाग आहे. (२०२५ साली निवडून आलेल्या पोप महाशयांनी लिओ हेच नाव घेतले, ते मुख्यतः ह्या परिपत्रकाची आठवण ठेवून.)

मग येथे बचतीचे उद्दिष्ट ठरवूच नये काय? तसे मला वाटत नाही. उलट जेथे पैसा वर्षातून दोनदा येतो आणि बारा महिने जातो, तेथे ते ठरवणे अधिक निकडीचे आहे. मात्र किती वाचवावे हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, वाचलेला पैसा कोणासाठी आणि तो कोणाच्या वाट्यातून येणार, हा आहे.

पवित्र शास्त्राने ह्या बाबतीत आपल्याला सोपे उत्तर दिलेले नाही. आळशी माणसाला मुंगीकडे बघावयास सांगणारे तेच शास्त्र, आणि कोठारे नसलेल्या पाखरांचे उदाहरण देऊन उद्याची चिंता सोडावयास सांगणारेही तेच. व्यासपीठावरून दोन्ही उपदेश होतात, आणि श्रोता आपल्या स्वभावाला मानवेल तो घरी घेऊन जातो. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात ही गाठ थोडी सुटते. रानात इस्राएल लोकांना रोज मान्ना मिळे. ज्यांनी हावेने तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, त्यांच्या भांड्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवलेला मान्ना सातव्या दिवशी जसाच्या तसा राहिला. अन्न तेच, भांडे तेच, रात्रही तेवढीच मोठी. फरक एवढाच, की शब्बाथासाठी ठेवलेला वाटा कोणा एकाचा नव्हता. साऱ्या छावणीने त्या दिवशी विसावा घ्यावा, कोणालाही अन्नासाठी बाहेर पडावे लागू नये, म्हणून तो ठेवलेला होता. साठवणे चांगले की वाईट, ह्याचा निवाडा भांड्यात डोकावून होत नाही असे ह्या कथेवरून दिसते.

योसेफाची कथा ह्याहून अवघड आहे. त्याने सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशाच्या पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरला. पुरवण्यांतील वीस टक्के आणि हा पाचवा हिस्सा एकच. पण योसेफाने तो सुकाळातच घेतला, दुष्काळात कोणाकडून मागितला नाही. आमच्या शेतकऱ्याला हे पटकन कळते : सुगीच्या वेळी बाजूला काढावयाचे, ज्येष्ठ-आषाढात नव्हे. येथपर्यंत आपण सारे ती कथा बालपणापासून ऐकत आलो. पुढचे प्रकरण, उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय, फारसे वाचले जात नाही. दुष्काळ लांबला, तेव्हा त्याच कोठारांतील धान्याच्या मोबदल्यात लोकांचा पैसा गेला, मग गुरे, मग जमिनी, आणि शेवटी ते स्वतः फारोचे दास झाले. ज्या साठ्याने त्यांचे प्राण वाचवले त्यानेच त्यांचे स्वातंत्र्य घेतले. आपल्याकडे सवाईने आणि दिढीने धान्य देण्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, ह्यावर सारे अवलंबून असते.

सहकाराची चळवळ ह्या किल्लीसाठीच झाली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०९ साली फादर योहान हॉफमन ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी छोटानागपूरच्या आदिवासींची पतसंस्था उभी केली, कारण सावकारापायी त्यांच्या जमिनी जात होत्या. १९१८ साली वसईत कॅथलिकांनी सुरू केलेल्या पतपेढीची आज मोठी सहकारी बँक झालेली आहे, हे वसईच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आणि आसेगावसारख्या गावात आज ही किल्ली बचत गटांतील स्त्रियांकडे आहे. महिन्याला शंभर-दोनशे रुपये प्रत्येकीने टाकावयाचे, वहीत मांडावयाचे, नड असेल तिला त्यातून कर्ज द्यावयाचे. ह्या पैशाचे खरे बळ व्याजात नाही. तो घराबाहेर असतो. पाहुण्याच्या, दारूच्या, घरमालकाच्या लहरीच्या हाताला तो लागत नाही, ह्यात ते आहे. गटाच्या नावाशी साधर्म्य असलेली खाजगी कंपन्यांची कर्जे मात्र वेगळी ओळखावीत. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कुटुंबाच्या कर्जांचे हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत. निम्मे! ज्याचे निम्मे हप्त्यात गेले, त्याला बचतीचे उद्दिष्ट काय विचारावे?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दिवाळीला मालाचे पैसे आले, की घरचा कर्ता जाहीर करतो : यंदा दहा हजार बाजूला टाकायचे. तो आकडा त्याने ठरवला. पण तो गाठणार कोण? दूध कमी होते ते कोणाच्या चहातले? गुडघ्याचे औषध पुढच्या बाजारावर कोणाचे जाते? जी सर्वांत शेवटी जेवते तिच्या ताटातली भाजी आधी कमी होते, आणि हे इतके गाजावाजा न करता घडते, की ती स्वतःही त्याला बचत म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. सारा दोष ताटावर टाकता येणार नाही. परंतु ज्या घरात आईचे रक्त पाण्यासारखे झाले आहे आणि पासबुकात दहा हजार आहेत, त्या घराने दहा हजार वाचवले असे मी म्हणणार नाही. ते तिच्याकडून न विचारता घेतलेले कर्ज आहे, आणि त्याची परतफेड कोणी करीत नाही.

हीच गोष्ट बांधावर. सोंगणीला आलेल्या मजूर बाईला ठरलेल्या गुत्त्यातून पन्नास रुपये कमी दिले, किंवा तिचे पैसे पोळ्याच्या वायद्यावर ठेवले, तर मालकाच्या वहीत शिल्लक वाढते. संत याकोबाने आपल्या पत्रात अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी फार कडक लिहिले आहे. येथे स्पष्टीकरणाची जरूर नाही.

म्हणून उद्दिष्ट ठरवताना घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे, आणि रकमेला नाव द्यावे, असे मी सुचवीन. आसेगावच्या घरात पहिले नाव जून हेच असावे. पेरणी आणि शाळा एकाच महिन्यात दारात उभ्या राहतात. दिवाळीचा पैसा तोवर संपलेला असतो, नवे पीककर्ज हाती आलेले नसते, आणि सावकाराची ओसरी मात्र उघडी असते. जूनसाठी राखलेले पाच हजार हे इतर वेळच्या पंधरा हजारांच्या तोडीचे आहेत. त्यातही काही बचत पैशात करावीच लागत नाही. सोयाबीनचे घरचे बियाणे दोन-तीन हंगाम चालते. एकरी तीस किलो, म्हणजे पाच एकरांना दीड क्विंटल. दुकानातील पिशवीचा दर बाजारभावाच्या सहसा दुपटीच्या घरात असतो. मात्र त्या दाण्याचे टरफल नाजूक. पोती आपटू नयेत, उंच थप्पी लावू नये. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर ते बियाणे पेरण्याजोगे. दिवाळीला भाव चढला तरी त्या दीड क्विंटलाला हात लावावयाचा नाही, एवढा निर्धार मात्र लागतो.

दुसरे नाव आजारपणाचे. तिसरे मुलीचे, आणि येथे मी घुटमळतो. तिच्या नावाने जमा होणारा पैसा लग्नासाठी की शिक्षणासाठी, हे बहुतेक घरांत कोणी बोलत नाही. लग्नासाठीच, असे गृहीत असते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेतही अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते आणि लग्नासाठी खाते बंद करता येते. म्हणजे निवाडा पुन्हा घरावरच. माझे मत विचाराल तर ते शिक्षणाच्या बाजूचे आहे. मांडवाचा खर्च आटोपशीर करता येतो, शिक्षणाची निसटलेली वर्षे सहसा परत आणता येत नाहीत. पण त्या मुलीला विचारून तिच्या रकमेचे नाव ठरवावे, हे माझ्या मतापेक्षा महत्त्वाचे.

उद्दिष्टाला खालची मर्यादा असते तशी वरचीही असावी. लूककृत शुभवर्तमानातील कोठारे मोडून मोठी बांधू पाहणारा धनवान माणूस पीक चांगले आले म्हणून दोषी ठरला नाही. त्याचे बोलणे नीट ऐकावे : माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. त्या साऱ्या विचारात दुसरे माणूस एकही नाही, बायकोसुद्धा नाही. संत थॉमस अक्विनास यांनी भविष्याच्या चिंतेविषयी विचार करताना असे मांडले आहे, की प्रत्येक काळाची आपापली काळजी असते. कापणीची उन्हाळ्यात, द्राक्षतोडणीची शरदात. उन्हाळ्यातच तोडणीची काळजी करू लागणे हे त्यांना अनावश्यक वाटते. आमच्या भाषेत सांगावयाचे, तर ह्या जूनची तजवीज हे शहाणपण; पुढच्या वीस जूनांची तजवीज होईपर्यंत दार लावून बसणे हे दुसरेच काही.

एक प्रसंग मात्र कोणतेही सूत्र सोडवू शकत नाही. एप्रिल उजाडला आहे, डब्यात जूनचे पाच हजार आहेत, आणि शेजारचा माणूस रात्री दार वाजवतो. त्याचे मूल वाशिमच्या दवाखान्यात आहे. द्यावे, तर जूनला आपण सावकाराच्या दारी. न द्यावे, तर डब्यातला पैसा सकाळपर्यंत मान्नासारखा होणार. मला वाटते, अशा वेळी कर्त्याने एकट्याने डबा उघडू नये आणि एकट्याने दारही लावू नये. निजलेल्यांना उठवावे. ज्या मुलाची जूनची फी त्यात आहे त्यालाही. काय द्यावयाचे ते सर्वांनी ठरवावे, ते त्याच रात्री द्यावे, आणि सकाळी घरातल्या बाईने गटाच्या वहीकडे जावे. जूनला अजून दोन महिने आहेत.