कोणासाठी जन्माला घातले?

न्यू जर्सीच्या पार्सिपनीतल्या काही मराठी घरांत मुलांचा एक नवा हट्ट कानावर येतो. मांजर हवे, पण साधे नको, सव्हाना हवे. उंच पाय, मोठाले उभे कान, अंगावर चित्त्यासारखे काळे ठिपके. आईवडील विचारतात, केवढ्याला पडेल आणि कायद्यात बसेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. हा जीव आपल्या दारापर्यंत पोचावा म्हणून कोणाकोणाला काय सोसावे लागले?

सर्व्हल हे आफ्रिकेच्या गवताळ माळांवरचे रानमांजर. उंच गवतात उंदराची चाहूल कानांनी टिपायची आणि हवेत उसळी मारून वरून त्याच्यावर पडायचे, ही त्याची शिकारीची रीत. १९८६ साली, शेजारच्याच पेनसिल्व्हेनियात, ज्यूडी फ्रँक यांच्याकडे सर्व्हल नर आणि सयामी मांजरी यांचे पिल्लू जन्मले. त्या पिल्लाचे सव्हाना हे नाव पुढे सगळ्या जातीला मिळाले. २००१ मध्ये ‘टिका’ या आंतरराष्ट्रीय मांजर संघटनेने तिची नोंद सुरू केली.

कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात सर्व्हल नर घरच्या मांजरीच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा असतो. सर्व्हल मादी पिल्लांना साधारण ७४ दिवस पोटात वाढवते, घरची मांजरी ६५ च्या आसपास. त्यामुळे पिल्ले अपुऱ्या दिवसांची जन्मण्याची भीती असते. पहिल्या काही पिढ्यांतल्या नरांना प्रजाच होत नाही. आणि पहिल्या पिढीच्या प्रत्येक पिल्लामागे एक अख्खा सर्व्हल असतो, केवळ पैदाशीसाठी कोंडलेला. त्याचा फोटो जाहिरातीत दिसला तरी त्याचे आयुष्य दिसत नाही.

जाहिरातीत दिसतो तो पिढीचा आकडा. एफ-१ म्हणजे थेट सर्व्हलचे पिल्लू, त्याची किंमत पंधरा-वीस हजार डॉलरपर्यंत जाते. पिढी पुढे सरकते तशी किंमत उतरते. म्हणजे पैसे मोजायचे ते त्याच्यातल्या रानासाठी, आणि घरी आणल्यावर त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची ती हे रान कधीही दिसू न देण्याची. एकाच जिवाकडे आपण या दोन्ही मागण्या करतो आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत की दोष त्याला देतो. मला यातला खरा अन्याय इथे दिसतो.

ओळखीच्या एका घरी दुसऱ्या पिढीचे सव्हाना होते. माणसे प्रेमळ, खर्चाला मागेपुढे न पाहणारी. मांजर ओट्यावरून फ्रिजवर, फ्रिजवरून कपाटाच्या माथ्यावर झेपावे. नळ सुटला की पंजांनी पाणी उडवी. पाहुण्यांना त्याचे कौतुक वाटे. मग ते वयात आले. सोफा, दाराची चौकट, मुलाचे दप्तर, सगळीकडे मुताच्या पिचकाऱ्या सुरू झाल्या. जानेवारीत बाहेर बर्फ असायचा, बाल्कनीत दाणे टिपायला पक्षी यायचे. मांजर काचेला नाक लावून बसायचे, शेपटीचे टोक तेवढे हलायचे, जबडा थरथरायचा. तासन् तास. त्या घरात त्याला काहीही कमी नव्हते, आणि त्याचे शरीर ज्या कामासाठी घडले होते ते करायला मात्र जागा नव्हती.

पाचव्या-सहाव्या पिढीची मांजरे बरीचशी घरच्या मांजरासारखी वागतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती पिढी आधीच्या पिढ्यांना ओलांडून येत नाही, त्यांच्यातूनच येते.

कायद्याचेही तसेच गुंतागुंतीचे. न्यू जर्सीत सर्व्हलसारखी रानटी मांजरे संभाव्य धोकादायक प्राण्यांत मोडतात. पलीकडे न्यू यॉर्क राज्यात वन्य पूर्वज किमान पाच पिढ्या मागे असेल, तर नोंदणीकृत संकर चालतो, न्यू यॉर्क शहरात तोही चालत नाही. जॉर्जिया आणि हवाईमध्ये सव्हानाला मनाई आहे. ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये आयातच बंद केली. रेबीजची लस अशा संकरांसाठी मान्यताप्राप्त नाही. त्यामुळे असे मांजर कोणाला चावले, तर तपासणीसाठी त्याला मारण्याची वेळ येऊ शकते. शेजारच्या मुलाला एक ओरखडा निघाला तरी त्या घराची झोप उडते.

रानटी जिवावर प्रेम करायची दुसरीही रीत आहे, दूर राहण्याची. आपल्याकडे महाराष्ट्रात जुन्नरच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या वेळी फडात वाघाटी या छोट्या रानमांजराची पिल्ले सापडतात. मुठीत मावतील एवढी, डोळे जेमतेम उघडलेले. घरी नेऊन दूध पाजावे असे कोणालाही वाटेल. तिथे वनखात्याची आणि वन्यजीव संस्थेची माणसे पिल्ले तपासतात, संध्याकाळी खोक्यात घालून त्याच फडात ठेवतात आणि स्वतः लांब जातात. अंधार पडल्यावर आई येते, एकेकाला मानगुटीला धरून घेऊन जाते. हात लावायची ओढ दाबून मागे सरणाऱ्या या माणसांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. न्यू जर्सीनेही १९७८ ते १९८२ या काळात मेन राज्यातून बॉबकॅट जातीची २४ रानमांजरे आणून रानात सोडली. इथल्या डोंगरांत आज बॉबकॅट आहेत ते त्यामुळे. ते आपल्याला क्वचितच दिसतात, आणि तसेच असायला हवे.

आपल्या इथल्या संसारांची एक गोष्ट वेगळीच विचारात घ्यावी लागते. मांजर पंधरा-वीस वर्षे जगते. तेवढ्या काळात व्हिसा बदलतो, नोकरी जाते, मुले कॉलेजला निघून जातात. उद्या जॉर्जियातल्या अटलांटाला बदली झाली तर सव्हाना सोबत नेता येणार नाही. मग त्याला घेणार कोण? साध्या मांजराला दुसरे घर मिळणे मुळातच कठीण, याला तर प्राणी आश्रयगृहेही सहज दार उघडत नाहीत.

म्हणून ज्यांनी अजून आणलेले नाही त्यांनी ते विकत घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. मॉरिस काउंटीतल्या आश्रयगृहांत घर शोधणारी साधी मांजरे आहेत, मुलाला घेऊन एकदा तिथे जावे. ज्यांच्या घरी सव्हाना आलेच आहे त्यांची जबाबदारी वेगळी. उंच फळ्या ठोका, पिंजरेबंद का होईना पण उन्हाची मोकळी जागा करून द्या, असा संकर तपासणारा पशुवैद्य आजच शोधून ठेवा. आणि बदलीचे पत्र आले तर नव्या गावात घर बघण्याआधी तिथला कायदा बघा.