एका दिवसाची सफाई, रोजची सफाई

महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत समाजसेवेची पहिली ओळख झाडूने होते. गांधीजयंतीला आवार झाडायचं, गणपती विसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा करायचं, हिवाळ्यात दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर; तिथे पहाटे प्रभातफेरी, दुपारपर्यंत श्रमदान, संध्याकाळी बौद्धिक. दोन वर्षांत २४० तास भरायचे, डायरी लिहायची, कार्यक्रम अधिकारी (पीओ) सरांची सही घ्यायची. पुण्यात शिकताना राष्ट्रीय सेवा योजनेत मी हे सगळं केलं आणि मनापासून केलं. त्या कामातून एक प्रश्न उभा राहिला आणि माझ्याबरोबर वाढत गेला: जे काम आपण वर्षातले काही तास सेवा म्हणून करतो, तेच काम रोज पोटासाठी करणाऱ्या माणसाचं आपण काय देणं लागतो?

राष्ट्रीय सेवा योजनेमागचा विचार मुळात या देण्याचाच आहे. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि तरुणांनी शिक्षणाच्या ओघात काही काळ सक्तीने राष्ट्रसेवा करावी, अशी शिफारस तिने केली. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्याला समाजसेवेची जोड द्यायला सांगितलं. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन योजना सुरू झाली. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घामावर विद्यापीठं उभी राहतात, म्हणून तिथे शिकणाऱ्याने त्यांच्या ऋणातून उतराई व्हावं, ही त्यामागची धारणा. मला ती आजही पटते. पण ती पटली की पुढचं टाळता येत नाही. ज्याचं देणं आहे त्याला लाभार्थी कसं म्हणायचं? हिशेब मागायचा हक्क तर त्याचा आहे. किती द्यायचं आणि कशाच्या रूपात द्यायचं, हे आपणच ठरवून सात दिवसांत मोकळं होता येत नाही.

त्याच १९६९ साली महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट घडली. माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा राज्याने केला. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला तोवर ठरलेला मालकच नव्हता; आज या गाळ्यावर, उद्या त्या. मजुरी बुडाली तर दाद कुणाकडे मागायची हे ठाऊक नाही आणि पाठ वाकली की कमाई संपली. कायद्याने मंडळं आली, हमालाची नोंदणी झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी द्यायचं, अशी व्यवस्था लागली. या कायद्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्यासारख्यांनी बांधलेल्या हमालांच्या संघटना होत्या. त्या काळात एखाद्या सेवाभावी संस्थेने हमालांना ब्लँकेटं वाटली असती तर एक हिवाळा निभावला असता. कायद्याने त्यांच्या म्हातारपणाचा विचार केला. दोन्ही कामं एकाच कळवळ्यातून होऊ शकतात, पण ब्लँकेट देणाऱ्याच्या मर्जीवर असतं आणि भविष्यनिर्वाह निधी नसतो. सेवा आणि न्याय यांतला फरक मला पहिल्यांदा इथे नेमका कळला.

मग मागे जाऊन पाहिलं, तर महाराष्ट्राच्या सेवेच्या परंपरेत हा प्रश्न आधीपासून होता असं दिसलं. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तहानलेल्याला पाणी पाजणं हे पुण्यकर्म आपल्याकडे जुनंच होतं. पाणपोया गावोगाव होत्या. पण वरून ओंजळीत पाणी ओतणं वेगळं आणि ज्याने त्याने आपल्या हाताने हौदातून पाणी घेणं वेगळं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करत राहिल्या आणि त्याच साथीने गेल्या. शाळेत आपण त्यांचा हा त्याग शिकतो. त्याआधी जवळजवळ अर्धं शतक त्यांनी मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी समाजाशी झुंज घेतली होती, हे त्या त्यागाला जोडून वाचलं की त्यांची शुश्रूषा दयेपेक्षा मोठी वाटू लागते. ज्या माणसांच्या बरोबरीच्या हक्कासाठी त्या उभ्या होत्या, त्यांच्याच अंगाला त्यांनी हात लावला.

झाडूचीही अशीच परंपरा आहे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांच्या डोक्यातला केर काढत. त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. झाडू घेणाऱ्या संताला शेवटी शाळा महत्त्वाची वाटली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांचा प्रवासही मला तितकाच मोलाचा वाटतो. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला करू द्यावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. आपण ब्राह्मण असून हे काम करतो, एवढ्यावर ते थांबले असते तरी लोकांनी त्यांना थोर म्हटलं असतं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासांच्या रचनेचे प्रयोग केले, कारण मैला कोणालाच डोक्यावरून वाहावा लागू नये, असं त्यांना हवं होतं. दुसऱ्याचं ओझं काही वेळ आपल्या डोक्यावर घेण्यापासून ते ओझंच नाहीसं करण्यापर्यंत एका माणसाचा विचार कसा जातो, हे अप्पांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं.

आणि तरीही या सगळ्याला बाबासाहेबांनी घातलेला छेद विसरून चालणार नाही. भारतात सफाई करणारा माणूस त्याच्या कामामुळे भंगी ठरत नाही, जन्मामुळे ठरतो; त्याने हे काम केलं काय नि न केलं काय, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. सवर्णाने झाडू घेतला तर त्याचं कौतुक होतं आणि तो हवा तेव्हा खाली ठेवता येतो. दलिताच्या हातातला झाडू त्याला ठेवू दिला जात नाही. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्याचा हक्क बजावला गेला, तेव्हाच मृत जनावरांचं मांस खाणं आणि हीन समजली जाणारी कामं सोडून देण्याचं आवाहनही त्यांनी केलं. मानाने जगायचं तर काही कामं सोडण्याचं स्वातंत्र्य हवं, हा विचार सेवेच्या कोणत्याही शिबिरात मला ऐकायला मिळाला नव्हता.

पुण्यात हा प्रश्न पुस्तकातून रस्त्यावर यायला वेळ लागत नाही. विसर्जनाच्या दिवशी घाटावर आम्ही विद्यार्थी लोकांकडून निर्माल्य घ्यायचो आणि शेजारी कचरावेचक बायका ते निवडत असायच्या. फुलं वेगळी, प्लास्टिक वेगळं, दोरे, थर्माकोल वेगळं. आमच्या अंगावर टी-शर्ट होते आणि रात्री आमचे फोटो निघाले. त्यांचा हात आमच्याहून कितीतरी सराईत होता. त्यांच्याशी ओळख झाली ती तिथे, आणि मग मी सुट्टीच्या सकाळी त्यांच्याबरोबर फेरीला जाऊ लागले. दोघीदोघींच्या जोडीने ढकलगाडी घेऊन दारोदार कचरा घ्यायचा, ओला महापालिकेच्या गाडीत द्यायचा, सुका शेडमध्ये नेऊन निवडायचा: पुठ्ठा, रद्दी, काच, पत्रा, कडक प्लास्टिक, दुधाच्या पिशव्या. प्रत्येकाचा भाव निराळा आणि ओलं झालेल्या पुठ्ठ्याचा भाव पडलेला. एकदा मी एका मावशींना विचारलं, आमच्या युनिटने तुमच्यासाठी काय करावं. आम्ही कपडे गोळा करणार होतो. त्या गोणी बांधता बांधता म्हणाल्या, "कपडे-बिपडे ऱ्हाऊ दे पोरी. सोसायटीवाल्यांना सांग, कचरा येगळा करून द्या. त्या बायकांचं पॅड तेवढं कागदात गुंडाळून द्या. अन् महिन्याचं पैसं टायमावर."

त्यांनी मागितलेल्या तिन्ही गोष्टी २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत होत्या. ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करायचा, सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यायचा, सेवेचं शुल्क भरायचं, ही नागरिकाची कर्तव्यं म्हणून त्यात लिहिली होती. ज्याला मी मदत समजून चालले होते त्यातलं बरंचसं कायद्याने आधीच आमच्यावर बंधनकारक होतं.

हे हक्क या बायकांना कोणी वाटले नाहीत. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या शिक्षिका पुण्यातल्या कचरावेचक कुटुंबांत काम करू लागल्या. काम होतं साक्षरतेचं. पण सकाळपासून उकिरड्यावर राबलेल्या बाईला अक्षरांच्या आधी कोरडा, निवडलेला कचरा हवा होता आणि पोलिसांनी चोर समजून गोणी तपासू नये एवढी ओळख हवी होती. शिक्षिकांनी तिचं ऐकलं. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने मेळावा झाला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. काही वर्षांत महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं आली, पुढे वैद्यकीय विमा आला. २००८ मध्ये कचरावेचकांच्याच मालकीच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी दारोदार कचरा संकलनाचा करार केला. आज तीन हजारांहून अधिक कचरावेचक त्यात काम करतात. विद्यापीठाने केलेल्या समाजसेवेचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. वर्ग कशाचा घ्यायचा हे तिथे शिकणाऱ्यांनी ठरवलं, आणि शिकवणाऱ्यांनी ते ठरवू दिलं.

तरी बाबासाहेबांचा प्रश्न इथेही उरतो. पुण्यातल्या कचरावेचकांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. अनेकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. त्यांना ओळखपत्र, शुल्क, विमा मिळाला म्हणून जातीने लादलेलं काम त्यांच्याच घरात कायम राहिलं तर न्याय झाला असं म्हणता येईल का? मला वाटतं, दोन्ही मागण्या एकदमच धराव्या लागतील. आज जी बाई हे काम करते तिला आजच पूर्ण मोबदला, हातमोजे, बसायला शेड आणि मान मिळाला पाहिजे. उद्या तिच्या मुलीला हे काम करायची गरज पडता कामा नये. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठी सरकारी शिष्यवृत्ती आहे. तिला पालकाच्या व्यवसायाचा दाखला लागतो, बँकेचं खातं लागतं, अर्ज वेळेत भरावा लागतो. इथे अडलेली पोरं मी पाहिली आहेत, आणि हे काम तर आम्हा विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. एका दुपारी वस्तीतल्या मुलांचे अर्ज भरणं हे फोटोत फार उठून दिसत नाही, पण एका पिढीच्या सुटकेला ते हातभार लावतं.

म्हणून मी सेवेच्या विरोधात नाही. श्रमदान केलं नसतं तर पुठ्ठा भिजला की भाव पडतो हे मला कळलं नसतं, आणि ते कळल्याशिवाय सामाजिक न्याय हा परीक्षेतल्या दहा गुणांचा प्रश्न राहिला असता. हाताने काम केल्यावर जे कळतं ते बौद्धिकातून कळत नाही. मात्र हातातलं काम संपल्यावर काही प्रश्न विचारायला शिकवलं पाहिजे, आणि त्याला योजनेच्या तासांत जागा हवी. आपलं आवार रोज कोण झाडतं? ती कंत्राटावर आहे का? तिला किमान वेतन मिळतं का, भविष्यनिर्वाह निधी जमा होतो का, कपडे बदलायला जागा आहे का? दत्तक गावात आपण वनराई बंधारा बांधतो, त्या पाण्यावर गावातल्या भूमिहीनाचा वाटा किती? ही माहिती काढायला माहितीचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे, महापालिकेचं अंदाजपत्रक आहे. ज्यांचा प्रश्न आहे त्यांना आधी विचारावं, मग त्यांच्याबरोबर बसून कागद वाचावेत आणि अर्ज लिहावेत. विद्यार्थ्याजवळ वेळ, अक्षर आणि निर्भयता असते. या तिन्हींची अशा कामाला गरज आहे.

त्या बायकांना आपला आवाज उसना द्यायची गरज नाही. मागणी त्यांची आहे आणि ती मांडायला त्या समर्थ आहेत, हे त्यांच्या पंचायतीने तीस वर्षांत दाखवून दिलं आहे. प्रश्न आपला आहे. योजनेचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणारे आपण उद्या अधिकारी होऊ, अभियंते होऊ, सोसायटीचे चेअरमन होऊ. कंत्राटाच्या अटी, कचऱ्याचं शुल्क, शिष्यवृत्तीच्या अर्जावरची सही आपल्यापैकीच कुणाच्या तरी हातात येणार आहे. त्या वेळी आपण कोणाच्या बाजूने सही करतो, यावरच विद्यार्थीदशेत केलेल्या सेवेचं मोल ठरेल.