कॉलेज निवडताना

बारावीचा निकाल लागला की कल्याणच्या कितीतरी घरांत हा विषय निघतो: अर्थशास्त्र घ्यायचं ठरलं, पण कॉलेज कुठलं? आधी आठवतात ती मुंबईतली नावाजलेली. कल्याण ते सीएसएमटी 50 किलोमीटरहून जास्त. फास्ट लोकलनेही तास उलटतो, परतताना पुन्हा तेवढाच. ज्याला हे झेपतं, त्याने जरूर जावं. पण गणितं सोडवायच्या, वाचायच्या वेळातूनच हे तास वजा होतात, आणि संख्याशास्त्राशिवाय आजचं अर्थशास्त्र पुढे सरकत नाही.

कल्याणातच 1972 पासून बिर्ला महाविद्यालय आहे. इथलं असो वा मुंबईचं, स्वतः जाऊन बघा. अभ्यासक्रमात गणित किती? तासानंतर शिक्षक भेटतात का? ग्रंथालयात बसायला जागा मिळते का?

आणखी एक बघा: शिक्षक वर्गाबाहेर न्यायला तयार असतात का? पुण्यात 1930 साली अर्थशास्त्राची गोखले संस्था सुरू झाली. तिथे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी शेतं, बाजार, शहरातली घरं यांच्या प्रत्यक्ष पाहणीतून अर्थशास्त्र उभं केलं. तशी पाहणी करायला लावणारा शिक्षक तुम्हाला भेटला, तर कल्याणची बाजार समिती आणि उल्हासनगरचे छोटे कारखाने अगदी हाकेच्या अंतरावर आहेत.