दर्शनाचे आठशे डॉलर

फुकट मिळालेल्या गोष्टीची माणसाला किंमत नसते, असे थोरामोठ्यांनी सांगून ठेवले आहे. त्याची दुसरी बाजू मला युगांडात कळली. पदरचे पैसे मोजले की माणूस कशाकडेही भक्तिभावाने बघतो.

तिथल्या ब्विंडीच्या अरण्यात पहाडी गोरिला पाहायला परदेशी पाहुण्याला २०२४ च्या जुलैपासून ८०० डॉलर पडतात. दर्शन एक तास. म्हणजे मिनिटाला सव्वातेरा डॉलरच्या वर! चिखल तुडवत, झुडपे धरत आम्ही डोंगर चढलो, तर पहिली नऊ मिनिटे गोरिला आमच्याकडे पाठ करून पाला खात बसला. एकशेवीस डॉलरची पाठ! पण काय पाठ होती महाराजा! खांद्यापासून कमरेपर्यंत रुपेरी. "अगदी आपल्या व्याह्यांसारखे बसलेत," सौ. कुजबुजली.

नियम मात्र व्याह्यांहून कडक. एका कुटुंबाला दिवसातून एकदाच आणि आठच पाहुणे भेटणार. पंधरा वर्षांखालच्या मुलांना मज्जाव. सर्दी-खोकला असेल तर घरी बसा, कारण माणसाची दुखणी गोरिलाला लागतात, इतके आपले जवळचे नाते! नाक गळत असताना सख्ख्या मावशीकडे जाताना आपण एवढा विचार करतो का?

आमचे एक शेजारी म्हणतात, "जंगलाला तिकीट लावणं म्हणजे निसर्गाचा बाजार मांडणं." ऐकायला बरे वाटते. पण युगांडा, रवांडा आणि काँगोच्या सरहद्दीवरच्या विरुंगा डोंगरांत १९८१ च्या मोजणीत २५४ गोरिला भरले होते, ते २०१६ पर्यंत ६०४ झाले. ब्विंडीतले ४५९ धरले की हजाराच्या वर जातात. राखणदारांचे पगार, जनावरांचे डॉक्टर हे काही नुसत्या निसर्गप्रेमावर चालत नाही. पाहुण्यांचा पैसा त्यात आहे. तेव्हा बाजार तर बाजार, गोरिला जगला ना? इथपर्यंत माझा हिशेब चोख होता.

मग संध्याकाळी मुक्कामावर बाट्वा लोकांचा नाच झाला. काटकीवर काटकी घासून त्यांनी विस्तव करून दाखवला, मध कसा काढतात ते दाखवले. आम्ही टाळ्या वाजवल्या. हे लोक पिढ्यान्पिढ्या याच अरण्यात राहत होते. १९९१ साली अरण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यांना बाहेर काढले. त्यांना पुरेशी भरपाई मिळाली नाही, हे तिथल्या घटना न्यायालयानेही २०२१ मध्ये मान्य केले. म्हणजे पाहा, ज्यांनी कधी तिकीट न काढता गोरिलाचा शेजार केला ते कुंपणाबाहेर आणि आठ हजार रुपयांचे बूट घालून आलेले आम्ही आत! आणि ज्या जंगलात ते जगत होते, त्या जगण्याचा आता रात्रीच्या जेवणाआधी कार्यक्रम.

आजूबाजूच्या गावांना काहीच मिळत नाही असे नाही. उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा पाचवा हिस्सा मिळतो, शिवाय गोरिलाच्या दर परवान्यामागे दहा डॉलर. माझ्या हिशेबाने ते दहा डॉलर म्हणजे पाऊण मिनिट. साठातले पाऊण! आणि तेही गावांचे. ज्यांचे गावच जंगल होते, त्यांच्या वाट्याला त्यातले किती सेकंद येणार?

गोरिला वाचवू नये, असे कोण म्हणेल? पण एखादी चांगली गोष्ट झाली की तिचे बिल कोणी भरले हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. पावती आपल्या खिशात असते, त्यामुळे आपणच भरले असे वाटते. आम्ही आठशे भरले. बाट्वांनी घर भरले.

मी म्हटले, "आठशेचे नऊशे करावेत आणि वरचे शंभर थेट या लोकांच्या जमिनीसाठी द्यावेत."

"द्यावेत," सौ. म्हणाली, "आणि हा नाच बंद करावा. त्यांच्या घरी कार्य असेल तेव्हा नाचतील की आपले आपण. आपल्याला बोलावलं, तर जाऊ."