रिकामे न परतणारे ताट

लक्ष्मीपूजन आटोपले की आमच्या गल्लीत ताटांची ये-जा सुरू होते. विणलेल्या रुमालाखाली झाकलेल्या चकल्या, करंज्या, अनारसे या घरून त्या घरी जातात. आणि ताट घेऊन आलेल्या पोराला दारात थांबवून घरातली बाई आत डबे उघडू लागते. आलेले ताट रिकामे पाठवायचे नाही, हा नियम. आपला फराळ अजून व्हायचा असला, तर निदान चिमूटभर साखर तरी ताटात पडलीच पाहिजे. लहानपणी ताटे पोचविण्याचे काम माझ्याकडे असे, आणि त्या चिमूटभर साखरेसाठी दुसऱ्याच्या ओट्यावर ताटकळत उभे राहणे मला अगदी नको वाटे. त्या रिवाजात केवढे शहाणपण आहे, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. आणि तेही एका फजितीतून.

मी शाळामास्तर. मार्च संपत आला होता. नागपूरचे ऊन नागपूरकरांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना ते सांगून कळायचे नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा अनवाणी येई. सकाळची शाळा सुटली की भिंतींच्या सावलीसावलीने तो चाले आणि मध्ये आलेला डांबरी रस्ता उड्या मारीत ओलांडी. मला राहवले नाही. सीताबर्डीवरून त्याच्या मापाच्या चपला मी घेऊन आलो. येथवर सारे ठीक होते. पण दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गापुढे बोलावले, चपला त्याच्या हाती ठेवल्या आणि परोपकार या विषयावर मुलांना दहा मिनिटे ऐकविले. त्या दहा मिनिटांत 'मी' हा शब्द किती वेळा आला असेल, ते मोजण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

मुलाने चपला दप्तरात घातल्या. दुसऱ्या दिवशी तो अनवाणीच आला. तिसऱ्या दिवशीही. मला थोडा रागच आला, हे कबूल केले पाहिजे.

आठवड्याने त्याची आई आमच्या घरी आली. बाजारात संत्री निवडण्याच्या कामावर ती जाई. मृगबहाराचे दिवस होते. तिने पिशवीतली दहा-बारा डागी संत्री माझ्यापुढे धरली. मी दोन पावले मागे सरकलो. "अहो, हे कशाला? मुलांना खाऊ द्या. परत काही मिळावे म्हणून का मी चपला दिल्या?" असे म्हणताना आपण फार निरपेक्ष आहोत, या जाणिवेने माझे मन सुखावले होते. बाईचा हात तसाच राहिला. ती हळूच म्हणाली, "आमच्या हातचं चालत नाही का जी तुमाले, गुरुजी?"

मी गोरामोरा झालो. काय बोलावे ते सुचेना. तेवढ्यात सौभाग्यवती बाहेर आली. तिने पिशवी घेतली, संत्री परडीत ओतली, एक तिथेच सोलून फोड तोंडात टाकली आणि "गोड आहेत हो!" म्हणत बाईला बसायला पाट दिला. जाताना पिशवीत गुळाचा खडा घातला. "रिकामी पिशवी कशी न्यायची?"

दुसऱ्या दिवशी मुलाच्या पायांत चपला होत्या.

निष्काम दान म्हणजे देणे आणि मोबदल्यात काही न घेणे, अशी माझी समजूत होती. शब्दशः ती खोटी नाही. पण अपेक्षा न ठेवणे वेगळे आणि प्रेमाने पुढे आलेला हात परतविणे वेगळे. ऋणकोने फेडीचे पैसे आणले तरी जो सावकार ते घेत नाही, त्याच्या मनात नेहमी दयाच असते असे नव्हे. कधीकधी त्याला पैशांपेक्षा ऋणकोच अधिक हवा असतो. मी तसाच सावकार झालो होतो. चपला देऊन मी त्या मुलाचे पाय झाकू पाहत होतो, पण त्याची मान मात्र मला खालीच हवी होती.

अशा वेळी आमच्या वऱ्हाडातील गाडगेबाबांची आठवण येते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली त्यांचा जन्म झाला आणि १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, जवळ मातीचे गाडगे आणि हाती खराटा. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. बाबांनी ती पूजा आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगणात केली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९५६ च्या डिसेंबरात ६ तारखेला बाबासाहेब गेले आणि २० तारखेला गाडगेबाबा.

बाबांनी काय काय दिले, हे सारे सांगतात. मला अधिक विचार करावासा वाटतो तो त्यांच्या घेण्याचा. लाखो रुपयांच्या इमारती लोकांच्या हवाली करणारा हा माणूस दारोदार भाकरतुकडा मागत असे. मात्र ती भाकरी फुकटची नसे. आधी गाव झाडायचे, अंगमेहनत करायची आणि मग हात पसरायचा. पायांवर डोके ठेवू पाहणाऱ्यांना ते जवळ फिरकू देत नसत. म्हणजे नमस्कार नाकारला, पण भाकरी घेतली! आपण नेमके उलट करतो. नमस्कार आपल्याला चालतो, संत्री चालत नाहीत. ज्या झोपडीतली भाकरी बाबांच्या गाडग्यात पडे, ती झोपडीही त्या दिवसापुरती दात्याचे घर होई. दुसऱ्याला दाता होऊ देणे, यापरते मोठे दान कोणते?

जवळच पवनारला राहणाऱ्या विनोबांनीही ही गोष्ट वेगळ्या वाटेने सांगितली. १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्लीला शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले आणि त्यांची पदयात्रा सुरू झाली. जमीनदाराला ते म्हणत की मला तुमचा आणखी एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या. दान म्हणजे नीट वाटून घेणे, हा शंकराचार्यांनी केलेला अर्थ त्यांना फार प्रिय होता. मुलाला वाटा देणारा बाप उपकाराची भाषा बोलत नाही. आणि घेणाऱ्यालाही मान खाली घालावी लागत नाही.

कोणी म्हणेल, नम्रतेचाही गर्व होतो, त्याचे काय? होतो. आपण नम्र झालो, असे मनाशी म्हणताक्षणी ती निसटते. म्हणून मला वाटते, नम्रता मनात शोधण्याच्या भानगडीत पडूच नये. ती हातांना लावण्याची सवय आहे. चारचौघांत न देता बाजूला नेऊन द्यावे; दिल्यावर भाषण करू नये; आणि समोरून काही आले, मग ते डागी संत्रे का असेना, तर दोन्ही हातांनी घेऊन तिथेच चाखावे. एवढे केले की मनाचे मन पाहून घेईल.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. परवा धनत्रयोदशीला तो आईने केलेल्या चिवड्याचे ताट घेऊन आला. या खेपेस मी मागे सरकलो नाही. त्याला ओट्यावर बसविले, बचकभर चिवडा तोंडात टाकला आणि आत जाऊन डबे उघडू लागलो. आमच्या करंज्या अजून व्हायच्या होत्या. मी ताटात चिमूटभर साखर घातली.